रश्श्यात न वाकणारा पीएलएचा चमचा: माझा अनुभव

तांबडा रस्सा वाटीत पडतो तेव्हा त्यातून वाफा निघत असतात. साधा पीएलएचा (मका-उसासारख्या पिकांपासून बनणाऱ्या प्लास्टिकचा) चमचा त्यात ठेवला की मिनिटभरात मान टाकतो. पीएलए ५५ ते ६० अंशांना मऊ पडतो. तो वितळतो मात्र १५० ते १७५ अंशांच्या आसपास. मधल्या शंभर अंशांत चमचा ताठ ठेवायचा असेल, तर आतल्या रेणूंच्या लांब साखळ्यांनी रांगेत बसून स्फटिक बनवायला हवेत. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या शेडमध्ये, वितळलेलं प्लास्टिक साच्यात (मोल्डमध्ये) दाबणाऱ्या साध्या इंजेक्शन मशीनवर हे जमवताना जे हाती लागलं, ते इथे लिहितो.

सुरुवात दाणा घेण्यापासूनच. पीएलएमध्ये डी-लॅक्टाइडचं (साखळ्यांची रांग मोडणाऱ्या उलट्या घडणीच्या घटकाचं) प्रमाण किती आहे, हे डाटाशीटवर नसेल तर विचारून घ्या. १ टक्क्याखालचा दाणा लवकर स्फटिक धरतो. ४ टक्क्यांच्या आसपासचा रेंगाळतो. १२ टक्क्यांचा धरतच नाही, मग मोल्ड कितीही तापवा. थ्रीडी प्रिंटिंगचा चुरा स्वस्तात मिळतो म्हणून लोक घेतात. तो बहुधा रेंगाळणाऱ्या जातीचा असतो.

दुसरी गोष्ट वाळवणं, आणि कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये सगळा खेळ इथेच बिघडतो. साधा हॉपर ड्रायर बाहेरचीच ओली हवा गरम करून दाण्यावर फुंकतो, त्यामुळे पावसाळ्यात तो असून नसल्यासारखा. उणे ४० अंश दवबिंदूची कोरडी हवा देणारा डीह्युमिडिफायिंग ड्रायर लागतो. त्यात ८० अंशांवर ४ तास. ओलावा २५० पीपीएमच्या (दहा लाखांत २५० भागांच्या) खाली हवाच, १०० च्या खाली गेला तर उत्तम. स्वतःच्या रनरचा (मोल्डच्या वाहिन्यांत उरलेल्या मालाचा) चुरा मात्र ८० अंशांवर टाकू नका. तो पारदर्शक, म्हणजे अजून स्फटिक न झालेला असेल, तर ६० अंशांतच एकमेकांना चिकटून हॉपरमध्ये गुळाची ढेप तयार होते. तो ४५ अंशांवर, जास्त वेळ घेऊन वाळवायचा.

ओला दाणा फसवतो तो असा. बॅरलच्या (मशीनच्या तापत्या नळ्याच्या) उष्णतेत पाणी साखळ्या तोडतं. तुटलेल्या आखूड साखळ्या उलट लवकर रांगेत बसतात, त्यामुळे चमचा गरम पाण्यात झकास ताठ राहतो आणि आपण खूश होतो. हातात घेऊन वाकवला की टक्कन दोन तुकडे. उष्णतेला टिकला म्हणजे मजबूत झाला, असं धरून चालू नका. दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या घ्याव्या लागतात.

स्फटिकाला बी लागतं. आम्ही बारीक टाल्क (शंखजिऱ्याची पूड) १ टक्का वापरतो. पावडर थेट दाण्यात मिसळली तर ती हॉपरच्या तळाशी बसते आणि शॉट-शॉटला प्रमाण बदलतं. मास्टरबॅच (टाल्क आधीच ठासून भरलेले प्लास्टिकचे दाणे) घ्या, आणि त्याचा बेस पीएलएच असू द्या. पॉलिथिनच्या बेसमुळे जिथे दोन प्रवाह मिळतात तिथली जोडरेष कच्ची राहते. ३० टक्के टाल्कचा मास्टरबॅच असेल तर २५ किलोच्या एकूण मिश्रणात साधारण ८३० ग्रॅम. बी जास्त असलं की स्फटिक संख्येने जास्त आणि आकाराने बारीक होतात. मोठे स्फटिक म्हणजे ठिसूळ माल.

बॅरल फीडपासून नोझलपर्यंत १७० ते १९५ अंश, बॅक प्रेशर कमी. खरा निर्णय मोल्डच्या तापमानाचा. २५-३० अंशांवर माल चटकन सुटतो, पण स्फटिक जवळजवळ शून्य. १०० ते ११० अंशांवर पीएलए सर्वांत वेगाने स्फटिक धरतो. सर्वांत वाईट ६० ते ८०. मऊ तर आहे, स्फटिक धरायला वेळ लागतोय, आणि इजेक्टर पिन चमच्यात रुततात. भीतभीत थोडंथोडं तापमान वाढवणारा नेमका इथेच अडकतो आणि ‘हा माल चालत नाही’ म्हणून सोडून देतो. आम्ही तेलाचा हीटर लावून १०५ ठेवलं, मोल्ड आणि प्लेटनच्या (मोल्ड बसतो त्या मशीनच्या पाटीच्या) मध्ये उष्णतारोधक शीट घातली. सायकल २० सेकंदांवरून ५५ वर गेली. हा खर्च आधी हिशेबात धरा. आकुंचनही वाढतं, साध्या मापाने कापलेल्या मोल्डमधून चमचा बारीक निघतो.

थंड मोल्डमध्ये काढून नंतर ओव्हनमध्ये भाजण्याचा मार्गही आहे: १०० ते ११० अंश, १५-२० मिनिटं. पण स्फटिक धरण्याआधी चमचा मऊ होतो, म्हणून ॲल्युमिनियमच्या साच्यात बसवूनच. ढीग करून ठेवले तर पापडासारखे वाकडे, वर एकमेकांना चिकटलेले.

पांढरट रंगावर भुलू नका, टाल्कनेही रंग तसाच येतो. डीएससी (नमुना तापवताना तो किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणारी चाचणी) करून घ्या. समजा रिपोर्टमध्ये वितळण्याची उष्णता ग्रॅमला ४० ज्यूल आणि चाचणीत तापवताना झालेल्या (म्हणजे चमच्यात आधी नसलेल्या) थंड स्फटिकीकरणाची २२ आहे. वजाबाकी १८, तिला ९३ (पूर्ण स्फटिक पीएलएची वितळण्याची उष्णता) गुणिले ०.९९ (१ टक्का टाल्क सोडून उरलेला पीएलए) ने भागलं की स्फटिकांचं प्रमाण १९.५ टक्के. २२ वजा करायचे विसरलात तर हेच ४३ टक्के दिसतं, आणि चमचा रश्श्यात वाकतोच.

संध्याकाळी मशीन बंद करण्याआधी बॅरल एलडीपीईने (पॉलिथिनच्या एका प्रकाराने) धुऊन काढा. गरम बॅरलमध्ये पडून राहिलेला पीएलए कुजतो आणि सकाळचे पहिले शॉट तपकिरी डाग घेऊन येतात.