दहापैकी नऊ

व्हिडिओ गेमचे रिव्ह्यू ठरल्या मिनिटाला सगळीकडे एकदम उमटतात. गेम समीक्षकांच्या हातात आधीच पडलेला असतो, पण प्रकाशकाने दिलेली वेळ होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, असा करार असतो. त्याला एम्बार्गो म्हणतात. त्या मिनिटाची मी घड्याळाकडे बघत वाट पाहत होतो. गंमत म्हणजे गेम मी महिनाभर आधीच प्री-ऑर्डर करून ठेवला होता. पैसे गेलेले, डाउनलोड झालेला, फक्त कुलूप उघडायचं बाकी. म्हणजे घ्यावा की न घ्यावा हा प्रश्नच उरला नव्हता. तरी मी अधाशासारखे एकामागून एक अकरा रिव्ह्यू वाचून काढले. कुणीतरी परक्याने पाठीवर हात ठेवून ‘चुकला नाहीस बाबा’ म्हणावं, एवढीच अपेक्षा.

आणि तसं म्हटलंही. ज्याचं लेखन मी सात-आठ वर्षं वाचत आलो होतो, त्याने दहापैकी नऊ दिले होते. मी खुशीत झोपलो.

त्या गेमचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर निम्मे वाचक इथूनच माझ्याशी भांडायला लागतील आणि उरलेले ‘मी तर तेव्हाच म्हटलं होतं’ म्हणतील. एवढंच सांगतो की हा दुसरा भाग होता आणि पहिला मी तीनदा संपवला होता. पहिल्या भागात एक सहप्रवासी होती. तिरंदाज, फटकळ, पाऊस सुरू झाला की कुरकुर करणारी. लढाईत तिचा उपयोग बेताचाच. पण जवळजवळ साठ तास ती माझ्या नायकाच्या डाव्या बाजूने चालत होती, आणि साठ तास कुणी डाव्या बाजूने चाललं की उजवीकडे वळतानाही आपण आधी डावीकडे बघतो. शेवटी ती म्हणाली होती की परत भेटू. दुसऱ्या भागाच्या तिसऱ्या तासाला मला एका टेबलावर तिचं पत्र सापडलं. दोन ओळींचं. ती उत्तरेकडे निघून गेली होती. बस्स. पुढचे चाळीस तास तिचा उल्लेखही नाही.

मी पुन्हा त्या रिव्ह्यूकडे गेलो. बघतो तर त्यात एक वाक्य होतं, जे खुशीच्या भरात माझ्या नजरेतून निसटलं होतं: जुनी पात्रं आटोपशीरपणे बाजूला ठेवून कथा मोकळी केली आहे. हे त्याने कौतुकाच्या परिच्छेदात लिहिलं होतं! आटोपशीरपणे! त्याच क्षणी माझा निकाल लागला. हा माणूस विकला गेला.

या निष्कर्षाइतकी ऊबदार गोष्ट दुसरी नाही. समीक्षकाला पैसे चारले असतील तर माझी आवड शाबूत राहते, माझं दुःख खरं ठरतं आणि डोक्याला ताण द्यावा लागत नाही. शिवाय आग नसताना धूर निघत नाही असं म्हणायला पुरावाही हाताशी असतो. नोव्हेंबर २००७मध्ये गेमस्पॉट या गेमविषयक वेबसाइटच्या जेफ गर्स्टमन या समीक्षकाने ‘केन अँड लिंच’ या गेमला दहापैकी सहा दिले. तेव्हा त्याच गेमच्या जाहिरातींनी गेमस्पॉटची पानं रंगलेली होती. त्याला कामावरून काढलं गेलं. जाहिरातदाराच्या दबावामुळे काढलं असा वाचकांना जो संशय आला होता त्याला त्याने स्वतः २०१२मध्ये दुजोरा दिला, कारण तोवर त्याला बोलायची मोकळीक नव्हती. गंमत बघा, ही गोष्ट आम्ही चाहते समीक्षक विकले जातात याचा दाखला म्हणून सांगतो. खरं तर ती न विकल्या गेलेल्या एका समीक्षकाची गोष्ट आहे. पण रागात इतकं बारीक कोण बघतो.

पाकीट वगैरे कुणी देत असेल असं मला आता वाटत नाही. त्याची गरजही नसते. डिसेंबर २०२०मध्ये ‘सायबरपंक २०७७’ आला, तेव्हा आधीचे रिव्ह्यू सगळे पीसीवरच्या प्रतीचे होते. कन्सोलची, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावरची, प्रत समीक्षकांना मिळालीच नव्हती. पीसीवर त्यांनी जे पाहिलं ते त्यांनी लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं. पण ज्यांनी सोनीच्या जुन्या प्लेस्टेशन ४ कन्सोलवर तो लावला त्यांच्यासमोर अर्धवट चेहऱ्यांची, मधेच बंद पडणारी दुनिया उभी राहिली. आठवडाभरात सोनीने तो आपल्या डिजिटल स्टोअरवरून काढून टाकला आणि परत यायला २०२१चा जून उजाडला. इथे कुणी खोटं बोललं नाही. फक्त कोणती खिडकी उघडायची हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलं होतं.

त्याच्या आधी २०१३मध्ये ‘सिमसिटी’चं असंच झालं होतं. शहर वसवण्याचा हा गेम एकट्याने खेळायचा म्हटला तरी सतत इंटरनेट लागायचं. पॉलिगॉन या वेबसाइटच्या समीक्षकाने प्रकाशनाआधीच्या रिकाम्या, झुळझुळीत सर्व्हरवर खेळून साडेनऊ गुण दिले. मग लोक आले, सर्व्हर गडगडले, आणि गुण उतरले आठवर, आणि तिथून चारवर. तेव्हा त्या घसरगुंडीवर मीही पोट धरून हसलो होतो. आज वाटतं, त्या तीन आकड्यांत सगळ्यात प्रामाणिक गोष्ट ती घसरगुंडीच होती. साडेनऊही खरे आणि चारही खरे.

या आकड्यांची सवय मात्र फार वाईट. मेटाक्रिटिक नावाची वेबसाइट सगळ्यांचे गुण गोळा करून शंभरपैकी एक सरासरी काढते, आणि कुणाच्या मताला किती वजन ते उघड करत नाही. ‘फॉलआउट: न्यू वेगस’ बनवणाऱ्या ऑब्सिडियनला सरासरी ८५ झाली तर बोनस मिळणार होता. झाली ८४. बोनस हुकला. हे कंपनीतल्याच ख्रिस अ‍ॅव्हेलोनने २०१२मध्ये सांगितलं. त्या एका गुणाचा विचार मी अधूनमधून करतो. कुठल्यातरी समीक्षकाला त्या दिवशी जांभई आली असेल, किंवा गेममधल्या बिघाडामुळे त्याचा साठवलेला खेळ उडाला असेल आणि साडेआठच्या जागी त्याने आठ लिहिले असतील. आणि तो गेम? आज त्या मालिकेतला सगळ्यांत लाडका भाग कोणता असं विचारलं तर कितीतरी चाहते त्याचंच नाव घेतील.

पण या कुठल्याही कथेने माझ्या समीक्षकाचा गुन्हा सिद्ध होत नव्हता. त्याने माझ्याच यंत्रावर चालणारा गेम खेळला होता. सर्व्हरचा प्रश्न नव्हता. त्याच्या-माझ्यात फरक एवढाच की त्याला चार-पाच दिवसांत चाळीस तासांचा गेम संपवून त्यावर लिहायचं होतं. पहिला भाग त्याने सहा वर्षांपूर्वी असाच धावत संपवला असणार आणि मधल्या काळात आणखी दोन-तीनशे. त्याच्या दृष्टीने ती तिरंदाज म्हणजे कधीकाळी प्रवासात शेजारच्या बाकावर बसलेली बाई. मी तिच्याबरोबर पावसात थांबलो होतो. कुरकुर ऐकायची म्हणून मुद्दाम थांबलो होतो, हेही आता कबूल करून टाकतो.

म्हणजे त्याने गेमचा रिव्ह्यू केला. मी करत होतो तो सहा वर्षांच्या वाट बघण्याचा. आणि त्याला दहापैकी किती द्यायचे हे सांगणारा समीक्षक अजून जन्माला यायचाय.

असं माझ्या एकट्याचं होत नाही. ‘मास इफेक्ट ३’ मार्च २०१२मध्ये आला. कन्सोलवरची सरासरी ९३, म्हणजे वर्गात पहिला नंबर. पण तीन भागांत मिळून शंभर-शंभर तास घातलेल्या लोकांना शेवट असा मिळाला की आपण घेतलेल्या सगळ्या निर्णयांचं काय झालं ते कळेना. तीन शेवट होते आणि त्यांच्यात डोळ्यांना जाणवणारा मुख्य फरक रंगाचा: लाल, निळा, हिरवा. चिडलेल्या चाहत्यांनी गेम बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीच्या ऑफिसात चारशेच्या आसपास कपकेक पाठवले. त्यांवर लाल, निळं आणि हिरवं आयसिंग होतं. चव तिन्हींची एकच, व्हॅनिला. इतकी नेमकी समीक्षा मी आजवर कुठे वाचलेली नाही. कंपनीने ते कपकेक तरुणांसाठीच्या एका निवाऱ्याला देऊन टाकले आणि जूनमध्ये शेवट विस्तारून फुकट दिला.

सगळा राग इतका गोड नसतो, हेही खरं. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ १९ जून २०२० रोजी आला. समीक्षकांची सरासरी इथेही ९३. पण पहिल्या काही तासांतच हजारो लोकांनी शून्य आणि एक गुण देऊन खेळाडूंची सरासरी पार तळाला नेली. गेम पंचवीस तासांचा! म्हणजे कितीतरी निकाल न खेळताच लागले होते. पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकने नियम केला की गेम आल्यावर ३६ तास खेळाडूंनी गुण द्यायचे नाहीत. रागावर झोप काढून या, असं सांगणारा बहुधा हा पहिलाच तांत्रिक उपाय. अर्थात आवडतं पात्र गेल्याचं दुःख ३६ तासांत ओसरतं असं ज्याला वाटतं त्याने कधी कुठला गेम मनापासून खेळला नसावा.

बनवणाऱ्यांची बाजू घ्यायचं माझ्या मनात नाही, पण त्यांचं कसं होत असेल बघा. निन्टेन्डोने १९८६मध्ये जपानात ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ काढला. पहिल्यासारखाच, फक्त भयंकर कठीण. तो अमेरिकेत पाठवणंच त्यांना धोक्याचं वाटलं. मग ‘डोकी डोकी पॅनिक’ या भलत्याच गेममधली पात्रं बदलून, त्याला मारिओची टोपी चढवून तो १९८८मध्ये तिकडे दुसरा भाग म्हणून विकला. म्हणजे एकाच नावाचे दोन दुसरे भाग झाले, एक अगदी तस्साच आणि एक नात्यागोत्याचाही नाही. आम्हा चाहत्यांना नेमकं काय हवं असतं याचं उत्तर या दोघांच्या मधे कुठेतरी आहे. आणि तिथे काय आहे ते विचाराल तर सांगता येत नाही. ‘मेटल गियर सॉलिड २’मध्ये, २००१ साली, गेमचा दिग्दर्शक हिदेओ कोजिमाने सुरुवातीच्या प्रकरणानंतर पहिल्या भागाचा लाडका नायक स्नेक याला बाजूला करून रायडन नावाचा नवखा पोरगा आमच्या हाती दिला, आणि ट्रेलरमध्ये त्याचा पत्ता लागू दिला नाही. किती शिव्या खाल्ल्या त्या पोराने! आज त्याच फसवणुकीवर लोक विद्वत्तापूर्ण निबंध लिहितात. मी तेव्हा शिव्या देणाऱ्यांत होतो आणि अजूनही निबंध लिहिणाऱ्यांत गेलेलो नाही.

त्या नऊवाल्या समीक्षकाला मी वर्षभर वाचलं नाही. मग पुन्हा वाचायला लागलो, कारण त्याच्या आवडी-निवडी मला पाठ होत्या आणि नव्या माणसाच्या पाठ करायला कंटाळा आला. त्याला गेममध्ये सापडणारी पुस्तकं वाचायला आवडत नाहीत. दोन पात्रं शेकोटीजवळ बसून बोलू लागली की तो चुळबुळ करतो. ‘मधला भाग रेंगाळतो’ असं त्याने लिहिलं की मी लगेच पैसे काढतो. त्याच्या नऊवर माझा विश्वास नाही, तक्रारींवर मात्र डोळे मिटून आहे.

परवा धाकटा भाऊ घरी राहायला आला होता. माझ्या कन्सोलवर त्याने तोच दुसरा भाग लावला. पहिला त्याने खेळलेला नव्हता. मी शेजारी पुस्तक उघडून बसलो आणि एक पानही वाचलं नाही. तिसऱ्या तासाला तो त्या टेबलापाशी पोचला.

‘दादा, ही पत्रवाली कोण रे?’

‘का?’

‘भारी लिहिलंय. दोनच ओळी, पण वाटतं ना, हिचं मागे काहीतरी मोठं होऊन गेलंय.’

मी पुस्तक मिटलं आणि अर्धा-पाऊण तास बोललो. धनुष्य, पाऊस, कुरकुर, शेवटचं ‘परत भेटू’, सगळं. त्याने गेम थांबवून ऐकून घेतलं. दुसरा भाग त्याने चार दिवसांत संपवला, त्याला तो प्रचंड आवडला, आणि जाताना तो पहिल्या भागाची डिस्क घेऊन गेला. मी रोज संध्याकाळी त्याच्या मेसेजची वाट बघत होतो. ती भेटली का, पाऊस लागला का. दोन आठवडे काहीच नाही. शेवटी मीच फोन केला.

‘संपवला,’ तो म्हणाला. ‘बरा आहे. दुसऱ्याची मजा नाही. फार रेंगाळतो.’

‘आणि ती?’

‘तिला मी छावणीतच ठेवली. सारखी कुरकुर करते रे. शिवाय लढाईत काही उपयोग नाही तिचा.’ मग जरा थांबून, माझी समजूत काढल्यासारखा म्हणाला, ‘दहापैकी सहा. साडेसहा म्हण हवं तर.’

मी फोन ठेवला. याला कुणी पैसे दिले असतील, याचा विचार करत बराच वेळ बसून राहिलो.