बर्फ पाहिला का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: हो, पाहिला. तळहाताएवढा. तोही शेवटून दुसऱ्या दिवशी, जमिनीत हात घालून.

हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. नागपूरला परत आल्यापासून दूधवाल्यापासून विहीणबाईंपर्यंत सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच. इतक्या उत्तरेला गेलात, मग बर्फ किती होता? मे महिन्यात 45 अंश सोसणाऱ्या गावानं दुसरं विचारावं तरी काय! पण आम्ही कॅनडातल्या युकॉनला गेलो जुलैत, आणि तिथं पोचल्यावर पहिली खरेदी केली ती डासांच्या जाळीची. टोपीवरून गळ्यापर्यंत सोडायची, मधमाश्या पाळणारे घालतात तशी. तिथल्या डॉसन गावात दुपारी 26 अंश होते. लेकीनं कॅलगरीहून निघताना लादलेले स्वेटर बॅगेच्या तळाशी, आणि आमचे हे अर्ध्या बाह्यांच्या शर्टात.

बर्फ नव्हता म्हटलं की लोकांचे चेहरे पडतात. दूधवाला तर म्हणाला, "मग काहून गेले इतक्या दूर?" ताडोबाहून आलेल्या माणसाला वाघ दिसला का विचारतात आणि नाही म्हटलं की पुढचं ऐकतच नाहीत, त्यातलाच प्रकार. म्हणून आता बर्फाचंच सांगते, कारण त्या सहा दिवसांत आम्ही जे काही पाहिलं त्याच्या मुळाशी तोच होता. कधी असून, कधी नसून.

युकॉन म्हणजे कॅनडाचा वायव्य कोपरा, अलास्काला खेटून. आकारानं आपल्या महाराष्ट्राच्या दीडपट आणि वस्ती 45 हजारांच्या आसपास. दिवाळीआधीच्या रविवारी एवढी माणसं एकट्या सीताबर्डीवर असतील. आम्ही आठ प्रवासी, एक व्हॅन आणि एक गाईड. व्हाइटहॉर्सहून पाचशे-सव्वापाचशे किलोमीटर वर डॉसन, तिथून डेम्पस्टर हायवेनं आर्क्टिक वृत्तापर्यंत आणि परत. गाईड तिथल्याच ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांपैकी, वयानं माझ्या लेकीएवढी. पहिल्या संध्याकाळी तिनं माझा चिवडा, शेंगदाण्याची चटणी, एवढंच नव्हे तर टूथपेस्ट आणि कोल्ड क्रीमसुद्धा काढून घेऊन लोखंडी पेटीत कुलपात घातलं. अस्वलाला कोल्ड क्रीम आणि चिवडा यांत फरक कळत नाही म्हणे. मला जरा अपमान वाटला, चिवड्याचा.

डॉसनमधून फिरताना घरं तिरकी दिसू लागली. थर्ड अव्हेन्यूवर लाकडी इमारती शेजारी-शेजारी आहेत, त्या एकमेकींवर अशा कलल्यात की गावात त्यांचं नावच 'चुंबन घेणाऱ्या इमारती' असं पडलंय. कारण पायाखालची जमीन बारमाही गोठलेली. तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. वरचा थोडा थर उन्हाळ्यात सुटतो, खालचा हजारो वर्षं तसाच. अशा जमिनीवर घर थेट टेकवलं, आत शेगडी पेटवली, की घराच्या उबेनं खालचा बर्फ विरघळतो आणि घर एका अंगाला बसतं. म्हणून आता घरं लाकडी ठोकळ्यांवर, जॅकवर उचललेली असतात आणि अधूनमधून पुन्हा समतल करावी लागतात. आपल्याकडे पाया जितका खोल तितका चांगला, इथं सगळी धडपड जमिनीला घराची ऊब लागू न देण्याची.

म्हणजे बर्फ होता, पण खाली. आता नसलेल्या बर्फाचं ऐका.

हिमयुगात जवळजवळ सगळा कॅनडा किलोमीटरभर आणि त्याहूनही जाड बर्फाखाली दबलेला होता. आणि इतक्या उत्तरेचा हा डॉसनचा भाग? मोकळा! दक्षिणेला सेंट इलायस पर्वताची भिंत आहे, ती पॅसिफिककडून येणारे ढग अडवते. पाऊस नाही तर हिम नाही, हिम साचलं नाही तर हिमनदी कुठून होणार? थंडी होती, ओल नव्हती. सह्याद्रीपलीकडे माणदेश कोरडा राहतो त्याचंच थोरलं भावंड. समुद्राचं पाणी बर्फात अडकून पातळी शंभर मीटरहून जास्त उतरली होती, त्यामुळे सायबेरियापासून इथपर्यंत कोरडी गवताळ जमीन सलग होती. तिच्यावर मॅमथ, घोडे, गवे चरायचे. या प्रदेशाला बेरिंजिया म्हणतात.

हिमनदी आली असती तर तिनं डोंगर खरवडून दऱ्यांतली रेतीखडी पार वाहून नेली असती. ती आली नाही. त्यामुळे खडकातून सुटलेलं सोनं लाखो वर्षं नाल्यांच्या तळाशी साचत राहिलं. 16 ऑगस्ट 1896 ला रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यात ते सापडलं आणि ओढ्याचं नाव बोनान्झा झालं. शोधणारे चौघं: टॅगिश लोकांपैकी कीश, ज्याला गोरे स्कूकम जिम म्हणत, त्याची बहीण शा ट्ला, भाचा डॉसन चार्ली आणि बहिणीचा गोरा नवरा जॉर्ज कारमॅक. नेमकं पहिलं सोनं कुणाला दिसलं यावर अजून वाद आहे. शोधाचा दावा मात्र कारमॅकच्या नावावर नोंदला गेला. मग जगभरातून लाखभर माणसं निघाली, तीस-चाळीस हजार पोचली. वाटेतल्या चिलकूट घाटाच्या माथ्यावर पोलीस वर्षभराचा शिधा असल्याशिवाय पुढे सोडत नसत. हत्यारं, तंबू धरून तो बोजा सुमारे टनभर, आणि तो पाठीवरून, खेपा करून न्यायचा. एवढं करून पोचल्यावर चांगले नाले आधीच वाटले गेलेले!

आणि सोनं होतं गोठलेल्या मातीखाली. कुदळ लागेना. मग रात्री खड्ड्यात लाकडं पेटवायची, दिवसा सुटलेली वीतभर माती उपसायची, पुन्हा पेटवायची.

पुढे माणसांच्या जागी यंत्रं आली. बोनान्झा ओढ्याकाठी 'ड्रेज क्रमांक 4' अजून उभं आहे. 1912 मध्ये बांधलेलं, लाकडी तळाचं, आठ मजली. स्वतःच्याच डबक्यात तरंगत पुढची जमीन पोहऱ्यांच्या माळेनं खायचं आणि मागे गोटे टाकत जायचं. 1959 पर्यंत हे चाललं. त्यानं टाकलेले गोट्यांचे ढीग दरीभर पसरलेत, वरून पाहिलं तर अळीची विष्ठा वाटावी. ह्यांची सगळी नोकरी चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींत गेली. ढीग बघून म्हणाले, "ही तर ओबीच." ओबी म्हणजे कोळशावरची काढून टाकलेली माती, वणी-चंद्रपूरच्या रस्त्यानं जाताना जे डोंगर दिसतात ना, ते. मग गाईडला विचारत बसले, खड्डे परत भरले का, वर झाडं लावली का. बाकीचे सहा जण फोटो काढून व्हॅनमध्ये बसले होते. आम्हाला तिथंच अर्धा तास लागला. मला त्याची लाज वाटली नाही.

त्याच गोठलेल्या मातीतून अजूनही हाडं निघतात. 21 जून 2022 ला युरेका ओढ्यावर एका तरुण खाणकामगाराच्या यंत्राला काहीतरी लागलं. निघालं ते मॅमथचं पिल्लू, तीस हजार वर्षांहून जुनं आणि अख्खं. कातडी, सोंड, पायाची नखं, अंगावर थोडे केससुद्धा. ह्वेचिन वडीलधाऱ्यांनी हान भाषेत त्याचं नाव ठेवलं नन चो गा, म्हणजे जनावराचं मोठं बाळ. गाईड हे सांगताना आवाज खाली आणून बोलत होती, बाळ झोपलेल्या घरात बोलतात तसं.

तिच्या लोकांची गोष्ट तिनं नदीकाठी सांगितली. दोन नद्या मिळतात तिथं सामन मासे धरायचा त्यांचा तळ होता, ट्रोचेक. मासे अडवायला नदीत खुंट ठोकायचे, त्या ठोकायच्या दगडावरून नदीचं नाव ट्रॉन्डेक. गोऱ्यांच्या जिभेवर त्याचं क्लोंडाइक झालं. सोन्याच्या झुंडी आल्यावर त्यांचे प्रमुख चीफ आयझॅक आपल्या लोकांना घेऊन थोडं खाली, मूसहाइडला गेले. आणि इथं राहून आपली गाणी पुसली जातील हे ओळखून त्यांनी ती अलास्कातल्या नातलगांकडे सांभाळायला दिली. नाचात धरायची काठीसुद्धा. जवळजवळ शंभर वर्षांनी, 1990 च्या दशकात, ती मंडळी तिकडे जाऊन गाणी शिकून आली. दागिने नातेवाइकांकडे ठेवल्याचं आपण ऐकतो, गाणी ठेवल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. 2023 मध्ये हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, आणि यादीतल्या नावात ट्रॉन्डेक आधी, क्लोंडाइक नंतर.

डेम्पस्टर हायवे नावालाच हायवे. सातशेहून जास्त किलोमीटर खडी, आम्ही गेलो त्या भागात शाळा नाही, शेत नाही, पहिला पेट्रोलपंप थेट ईगल प्लेन्सला. रस्ता खोदून नव्हे, रचून केलाय. जमीन वितळू नये म्हणून काही ठिकाणी पुरुषभर उंचीचा खडीचा थर. तरी तो खचतोच, आताशा जास्तच, आणि दुरुस्तीची यंत्रं वाटेत दिसत राहतात. वाटेतल्या टूमस्टोन डोंगरांच्या काळ्या सुळक्यांचे फोटो तुम्हाला पाठवलेच आहेत, त्यावर अजून काय बोलू. रेनडिअरच्या जातीतले कॅरिबू दिसले नाहीत. तो कळप उन्हाळ्यात आणखी उत्तरेला असतो.

या रस्त्याचं नाव कसं पडलं ते मात्र सांगायलाच हवं. डिसेंबर 1910 मध्ये फोर्ट मॅकफर्सनहून फिट्झगेराल्ड नावाचा पोलीस अधिकारी तिघांना घेऊन कुत्र्यांच्या गाड्यांवर डॉसनला टपाल घेऊन निघाला. वेगाचा विक्रम करायचा म्हणून शिधा कमी घेतला. वाटेत भेटलेल्या ईसॉ जॉर्ज या तिथल्याच ग्विचिन जमातीच्या माणसानं काही दिवस वाट दाखवली, मग पैसे देऊन त्याला परत पाठवलं. पुढे ज्या ओढ्यानं वळायचं तो ओढाच सापडेना. परतताना कुत्री खाऊन दिवस काढले, आणि फोर्ट मॅकफर्सनपासून 40-50 किलोमीटरवर चौघंही गेले. मार्च 1911 मध्ये त्यांना शोधून काढणारा पोलीस म्हणजे डेम्पस्टर. त्याच्या तुकडीत चार्ली स्ट्युअर्ट नावाचा ग्विचिन वाटाड्या होता. "रस्त्याला नाव डेम्पस्टरचं," एवढं म्हणून आमच्या गाईडनं गिअर बदलला.

आर्क्टिक वृत्ताची पाटी 405 व्या किलोमीटरला आहे. सगळ्यांनी फोटो काढले, आम्हीही. मग तिनं गाडीतून हातात मावेल अशी लोखंडी सळई काढली आणि शेवाळात खुपसायला सांगितली. लोण्यात सुरी जावी तशी गेली, अर्धा हात आत गेल्यावर टक् आवाज आला. पुन्हा दुसरीकडे, पुन्हा टक्. ह्यांनी आठ ठिकाणी करून पाहिलं, खाणीतली सवय.

जवळच कुणीतरी आधी केलेला लहानसा खड्डा होता, वर शेवाळाचं झाकण. तिनं ते उचललं. मी बाही वर करून हात घातला. वरची माती कोमट, मग गार, आणि बोटं टेकली ती मळकट, काळसर, काचेसारख्या टणक बर्फाला. वास आपल्या विहिरीच्या तळाच्या गाळाचा. पाच-सहा सेकंदांत बोटं बधिरली. हात काढला तेव्हा तिनं झाकण परत बसवलं, कडा दाबल्या आणि वर उभी राहून पायानं नीट थोपटलं. उघडं राहिलं तर ऊन आत जातं, म्हणाली.

मग पेटीचं कुलूप काढून तिनं माझा चिवडा दिला.