हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर अडीच तास टार्पखाली

कल्याणहून सकाळची एसटी चुकली आणि दिवस तिथेच दोन तास मागे पडला. खुबी फाट्यावर उतरायला साडेदहा वाजले, आणि पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने चालत खिरेश्वर गाठेपर्यंत बारा. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार होता आणि ऊन कडक होतं. आम्ही तिघं होतो: मी, माझा मावसभाऊ आणि ऑफिसातली मैत्रीण. तोलार खिंडीत वाघाच्या शिल्पापाशी पाणी प्यायलो तेव्हा पूर्वेला ढग जमायला लागले होते. तिथूनच मागे फिरायला हवं होतं. आम्ही फिरलो नाही.

रेलिंगचा कातळटप्पा चढून गेलं की देवळापर्यंत लहान लहान टेकड्यांची चढउतार आहे. धुकं उतरलं की या सगळ्या टेकड्या एकसारख्या दिसतात, आणि लोक वाट चुकतात ते याच टापूत. एका उतारावर मैत्रिणीचा पाय मुरगळला. पट्टी बांधेपर्यंत धुकं अंगावर आलं आणि मागोमाग गडगडाट. वरच्या गुहा तिच्या पायाने दीड तास तरी लांब होत्या. धारेवर थांबणं विजेच्या दृष्टीने धोक्याचं, म्हणून तिला आधार देत खाली कारवीतल्या एका खोलगट जागी आणलं. तिथून पाण्याचा ओघळ जात नाही हे आधी पाहिलं आणि सॅकच्या वरच्या कप्प्यातून टार्प, म्हणजे दोऱ्यांनी ताणून छतासारखं लावायचं जलरोधक कापड, काढला.

तो सॅकेत होता, हीच मोठी गोष्ट. आधी माझ्याकडे क्रॉफर्ड मार्केटजवळून घेतलेली निळी ताडपत्री होती, दहा बाय बारा फुटांची. ती मजबूत होती, पण सव्वा किलोच्या वर भरायची आणि घडी उशीएवढी व्हायची. लागोपाठ तीन ट्रेकला ती मुलुंडच्या घरी कपाटावरच राहिली. कधीतरीच लागणारी वस्तू जड असेल तर आपण ती नेत नाही. म्हणून टार्प निवडताना मी वजनाला इतकं महत्त्व देते.

वजनाचा हिशोब दुकानात उभ्या उभ्या करता येतो. कापडाचा जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, विचारायचा आणि क्षेत्रफळाने गुणायचा. तीन बाय तीन मीटर म्हणजे नऊ चौरस मीटर. ताडपत्री १२० जीएसएमची असेल तर एक किलो ऐंशी ग्रॅम, आणि ४५ जीएसएमचं सिलिकॉन लावलेलं पॉलिएस्टर घेतलं तर सुमारे चारशे ग्रॅम. त्यात दोऱ्या धरल्या तरी पाचशेच्या आसपास. जीएसएम सांगता येत नसेल तर वजनकाट्यावर ठेवायला सांगा.

सिलिकॉन लावलेलं नायलॉनही चांगलं असतं, पण भिजलं की सैल पडतं, मग पावसात उठून दोऱ्या ताणत बसावं लागतं. पॉलिएस्टर फारसं सैल पडत नाही, म्हणून आपल्याकडच्या पावसाला मी तेच सुचवेन. डायनिमाचं कापड सर्वांत हलकं असतं आणि ताणतही नाही, पण त्याची किंमत माझ्या आवाक्याबाहेरची आहे. चमकणारं इमर्जन्सी ब्लँकेट साठ-सत्तर ग्रॅमचं असतं. ते अंगाभोवती गुंडाळायला जरूर ठेवा, पण छत म्हणून वाऱ्यात ते टिकत नाही. आकार दोघातिघांना तीन बाय तीन पुरतो. रंग भगवा घ्या, कारण शोधायला येणाऱ्याला हिरवा टार्प कारवीत दिसणार नाही.

कोपऱ्यांवर पत्र्याची आयलेट, म्हणजे दोरी ओवायची धातूची कडी, नकोत, शिवलेले लूप हवेत. हे मला जुलैत बिल्डिंगच्या गच्चीवर कळलं. पाण्याच्या टाकीच्या शिडीला जुनी ताडपत्री बांधली होती. पहिल्याच जोराच्या वाऱ्यात कोपऱ्यातलं आयलेट कापडासकट निघालं. असं झालं तर सुपारीएवढा गोटा कापडाच्या आतून धरायचा, बाहेरून त्याच्या मानेला दोरी आवळायची. ही गाठ सुटत नाही आणि कापडही फाटत नाही. नवा टार्प मी त्याच गच्चीवर, भर पावसात, ओल्या हातांनी चार वेळा लावून पाहिला. पहिल्या वेळी वीस मिनिटं लागली होती, चौथ्या वेळी सहा.

गडावर मात्र एक चूक केली. पावसाळ्याची सवय म्हणून टार्पची बुटकी, वारा-पाऊस अडवणारी बाजू पश्चिमेला केली. मान्सून परतताना दुपारची वादळं बहुधा घाटमाथ्यावर तयार होतात आणि पश्चिमेला सरकतात. वारा पूर्वेकडून आला आणि सगळा पाऊस थेट आत. बांधलेलं सोडून, फिरवून पुन्हा बांधण्यात पाच मिनिटं गेली, आणि तेवढ्यात आम्ही पुरते भिजलो. आधी वारा बघा, मग दोरी सोडा.

जमीन कातळाची, खुंट्या शिरेनात. कारवीच्या दहाबारा काठ्या एकत्र धरून बुंध्याशी दोरी बांधली, दुसऱ्या बाजूला मोठे दगड. मधली दोरी कमरेइतकीच उंच ठेवली. टार्पपासून वीतभर अंतरावर त्या दोरीला सुतळीचा एक तुकडा बांधून लोंबता सोडा. दोरीवरून वाहत येणारं पाणी तिथे टपकून जातं, आत येत नाही. मी ते विसरले होते. मावसभावाने बुटाची नाडी काढून बांधली आणि आतली धार लगेच थांबली.

टार्प विजेपासून वाचवत नाही, म्हणून ट्रेकिंग पोल लांब ठेवले आणि सॅकवर उकिडवे बसलो. मैत्रीण थरथरत होती. ओल्या अंगातून ऊब फार झपाट्याने जाते, म्हणून आधी तिचा टीशर्ट बदलला, कोरडा स्वेटर घातला, वर ते ब्लँकेट, आणि गूळ-शेंगदाणे खायला दिले. अर्ध्या तासात तिची थरथर थांबली.

साडेसहाला पाऊस उघडला. देवळाकडे न जाता हेडटॉर्चच्या उजेडात सावकाश खिरेश्वरला उतरलो. कातळटप्प्यावर तिला दोघांनी मिळून उतरवलं. पोचायला साडेदहा झाले. रेंज मिळाली नसली तरी निघतानाच गावातल्या ज्या घरी जेवण सांगितलं होतं, तिथले काका कंदील घेऊन वाटेवर उभे होते. कुठेही जा, गावात परतायची वेळ सांगून जा.

घरी आल्यावर टार्प ओला ठेवू नका. पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगचं कापड मुंबईच्या दमट हवेत घडीतच चिकट होतं आणि त्याला आंबूस वास येतो. सिलिकॉनचं तसं होत नाही, पण बुरशी त्यालाही धरते. मी दोन दिवस बाल्कनीत सावलीला वाळवते आणि सैलसर पिशवीत कोंबून ठेवते.