भाग जात नाही

परवा दुपारी परभणी स्टँडबाहेर उन्हात उभा होतो, समोरच्या ऑटोच्या पाठीवर 'आईचा आशीर्वाद' आणि खाली नंबर ७९१९. झालं, माझं डोकं लागलं कामाला. लोक १००१ नंबरासाठी ज्यादा पैसे मोजतात, ज्याला सातानं, अकरानं, तेरानं, कुणीबी यावं आन् भागून जावं. आणि ७९१९ ही हजारावी मूळ संख्या, कुणाच्या बापाला भागत नाही! ८९ चा वर्ग ७९२१, म्हणजे दोन भाग पडलेच तर लहाना ८९ च्या आतलाच, म्हणून ८३ पर्यंतच्या तेवीस मूळ संख्यांनी भागून बघायचं, बास, पुढं जायची गरजच नाही. ऑटोवाल्याला सांगावं वाटलं, पण तो भाड्यावर अडून बसला होता.

ही खोड लहानपणाची. संध्याकाळी माळवदावर आजोबा तंबाखू मळत पाढे म्हणायला लावायचे. तोंडानं काही बोलायचे नाहीत, तळहातावरचा अंगठा थांबला की समजायचं, चुकलं. वीस, चोवीस कसे गात म्हणता यायचे, पण तेवीस त्रिक एकोणसत्तर, तेवीस चोक ब्याण्णव, आणि पाचाला आवाज आपोआप खाली. सतरा, एकोणीस, एकोणतीस, सगळे तसलेच आडदांड. हे सगळे मूळ संख्या आहेत हे फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर त्यांच्यावरचा राग गेला उलट.

त्यातली माझी लाडकी म्हणजे २१४७४८३६४७. दोनाला दोनानं गुणत एकतिसाव्या घातापर्यंत जायचं आणि एक काढून घ्यायचा. स्विस गणिती ऑयलरनं १७७२ साली दाखवून दिलं की ही मूळ आहे, तेव्हा त्याला जवळपास दिसत नव्हतं. पुढं १८११ मध्ये बार्लो नावाच्या इंग्रज गणित्यानं लिहून टाकलं की हिच्यावरून निघणाऱ्या परिपूर्ण संख्येहून (जिचे स्वतःहून लहान सगळे भाजक मिळवले की तीच येते) मोठी बहुतेक कुणी शोधणार नाही, कारण असल्या संख्या गमतीच्या, कामाच्या नाहीत. १८७६ ला ल्युका नावाच्या फ्रेंच गणित्यानं ३९ अंकी मूळ संख्या काढली. २०२४ मध्ये सापडली ती तर ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी, सेकंदाला एक अंक म्हणत बसलं तर न जेवता न झोपता सव्वा वर्षाच्या वर जातं. कॉम्प्युटरनं शोधलेली, असू दे बापडी, मला तिचं तेवढं काही वाटत नाही.

बार्लोची गंमत अशी की त्याच्या त्या बिनकामाच्या संख्येच्या मुळाशी असलेली हीच २१४७४८३६४७ आज कुठं कुठं बसलीय. ती मूळ आहे म्हणून नव्हे, अधिक-उणे चिन्हाचं एक बिट (कॉम्प्युटरमधला शून्य नाहीतर एक ठेवायचा खण) सोडलं की बत्तीस बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा तोच निघतो म्हणून. जुन्या कॉम्प्युटर सिस्टिम १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतायत, आणि मोजत मोजत या आकड्याला येऊन थटणार १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडं सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. पुढच्या सेकंदाला घड्याळ उलटं फिरून थेट १९०१ सालात. नव्या मशिनींत सोय केलीय, पण कुठल्या तरी पंपात, कुठल्या तरी मीटरमधी जुनं असणारच की. मंगळवार आहे त्या दिवशी. आमच्या गल्लीत नळाची पाळी मंगळवारची, तेवढं साडेआठाच्या आत पाणी सोडा म्हणावं.