खोक्यावरचा आकडा

गुरुवारी जनावरांचा लिलाव होता आणि मंगळवारी सकाळी एक तरुण आपला अर्धा-टनी पिकअप घेऊन आमच्या दारात हजर. टेक्सासमध्ये, फोर्ट वर्थच्या पश्चिमेला, ट्रेलर-हिचचं, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडायच्या सांध्यांचं, काम करणाऱ्या दुकानात मी आठ वर्षं फिटर आहे. त्याच्या हौद्यात एक जड खोकं होतं. आत गूजनेक हिचचं किट, त्यानं स्वतः मागवलेलं. या हिचमध्ये ट्रेलरची लांब मान थेट हौद्यातल्या लोखंडी गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, येऊन बसते. "संध्याकाळपर्यंत एवढं बसवून द्या." खोक्यावर ठळक छापलं होतं: २५,००० पौंड.

मी आधी ड्रायव्हरचं दार उघडलं. तिथं चौकटीवर एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून गाडीवर किती वजन चढवायचं, ते त्यावर लिहिलेलं असतं. या गाडीवर १,६२० पौंड. मग ट्रेलरची चौकशी केली. सोळा फुटी, रिकामा ४,००० पौंडांचा. त्यात पाचशे-पाचशे पौंडांची १४ वासरं. झाले ११,०००, म्हणजे जवळजवळ पाच टन. गूजनेकमध्ये ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा हौद्यातल्या बॉलवर येतो. २,२०० पौंड. हिचचं वजन आणि आत बसणारी माणसं अजून धरलीच नव्हती.

"पण किट तर २५,००० चं आहे!"

"किट पेलेल. तुझे पाटे, टायर आणि मागचा अ‍ॅक्सल नाही पेलणार."

शिवाय हौदा साडेपाच फुटी. वळण जरा आवळून घेतलं, की ट्रेलरचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेत. तो चिडला. दुसरीकडे बसवून घेतो म्हणाला. दुसरीकडे कुणी बसवूनही दिलं असतं, ही भीती मला होतीच, म्हणून मी त्याला जाऊ दिलं नाही. कागदावर बेरीज मांडून दाखवली.

मी सांगली जिल्ह्यात, उसाच्या गावात वाढलो. बैलगाडी भरताना आजोबा भार पुढंमागं सारत बसायचे. मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढं जास्त झाला की बैलांची मान सोलवटते. ट्रेलरचंही तेच आहे. बंपरमागं जोडलेला ट्रेलर उलाळ भरला, तर महामार्गावर शेपूट हलवायला लागतो. गूजनेकचा भार मागच्या अ‍ॅक्सलच्या किंचित पुढं उतरतो, म्हणून तो स्थिर चालतो. पण भार गेला कुठं? सगळा गाडीच्या पाठीवरच.

शेवटी त्यानं वडिलांना फोन लावला. अकराच्या सुमारास ते त्यांचा एक-टनी घेऊन आले. (अर्धा-टनी, एक-टनी ही जुनी नावं; गाडी खरंच किती पेलते ते स्टिकरच सांगतो.) आठ फुटी हौदा, स्टिकरवर ३,८५०. मुलाचं किट या चासीला बसणारं नव्हतं, प्रत्येक मॉडेलचे ब्रॅकेट वेगळे. ते परत पाठवायला सांगितलं आणि आमच्याकडचं काढलं.

या कामात सगळ्यात जोखमीचं म्हणजे हौद्याच्या मधोमध पाडायचं चार इंची भोक. मागच्या कडेपासूनचं अंतर किटच्या कागदावर दिलेलं असतं, मध्य दोन्ही चाकांच्या कमानींमधून काढायचा. खूण केली, पंच मारला. ड्रिल हातात घेतलं आणि ठेवलं. टॉर्च घेऊन आधी गाडीखाली गेलो. पत्र्याला अगदी चिकटून, बरोबर त्या खुणेखालून, काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली वायर गेली होती. गोल भोक पाडणाऱ्या करवतीनं, होल सॉनं, ती सरळ कापली असती, आणि ती थेट बॅटरीवरून आलेली.

म्हातारबाबा वाकून बघत राहिले. "कामाच्या दिव्यासाठी मीच ओढली होती. किती वर्षं झाली, विसरूनच गेलो." वायर सोडवून चासीच्या कडेनं नेली, मगच भोक पाडलं. लोखंडाचा कीस चुंबकानं वेचला, कडा कानशीनं घासली, रंग लावला. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरतो. आडव्या पट्ट्या बसवून बाजूचे ब्रॅकेट चासीला आवळले, प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचनं, कागदावरच्या आकड्यापर्यंत. ब्रेकच्या नळ्यांना कुठं काही टेकत नाही ना, ते बोट फिरवून पाहिलं. ट्रेलरच्या दिव्यांसाठी आणि ब्रेकसाठी हौद्यातच सात पिनांचं सॉकेट दिलं.

संध्याकाळी त्यांनी रिकामा ट्रेलर आणला. जोडायचं काम मी मुलालाच करायला लावलं. ट्रेलरच्या मानेखालचा, बॉल पकडणारा कपलर बॉलवर उतरवला, खिटी लावली, दोन्ही साखळ्या अडकवल्या, ब्रेकची तुटतार (ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक लावणारी) आणि प्लग जोडला. मग ट्रेलरचा जॅक उलटा फिरवून नाक थोडं वर उचलायला सांगितलं. नाकाबरोबर गाडीचा मागचा भागही वर आला, म्हणजे कपलर धरून होता. "वासरं भरलीत की काट्यावर घाला आणि मगच निघा," एवढं बजावलं.

गुरुवारी सकाळी मुलाचा फोटो आला. ट्रक स्टॉपवरच्या काट्याची पावती, आणि शेजारी दाराच्या चौकटीवरचा अ‍ॅक्सलचा आकडा, त्यावर त्याचं बोट. पावतीवरचा आकडा कमी होता.