साडेसहा ते पावणेनऊ : आमची वाटचाल

लातूरला औसा रोडवर एका ट्यूशनवाल्यांचा हॉल आहे. दिवसभर तिथं केमिस्ट्री चालते. साडेसहाला त्यांची शेवटची बॅच सुटते आणि आम्ही आत शिरतो. फळ्यावर त्यांची समीकरणं तशीच असतात. ती पुसून मी तारीख टाकते आणि खाली 'आज काय ऐकलं?' एवढंच लिहिते. व्हिडिओ, टीव्ही आणि फिल्मचं काम शिकवणारा आमचा क्लास रोज इथं भरतो. नीट-जेईईसाठी लांबलांबून मुलं लातूरला येतात. दिवसभर नोकरी-धंदा करून संध्याकाळी काही शिकू म्हणणाऱ्या मोठ्या माणसाची सोय मात्र इथं फारशी नव्हती.

मी मूळची मिक्सिंगवाली, म्हणजे शूटिंग कापून-जोडून त्याचा व्हिडिओ करणारी. सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता, आमचे मिस्टर आणि भाऊजी लग्नांचं शूटिंग करायचे, घरी कॉम्प्युटरवरचं मिक्सिंग माझ्याकडे. मिनी डीव्ही कॅसेटचे दिवस होते. तासाभराची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला तासच लागायचा आणि ती 13 जीबी जागा खायची. आमची हार्ड डिस्क 80 जीबीची. एका लग्नाच्या चार-पाच कॅसेट, त्यामुळे एक लग्न आत आलं की दुसऱ्याला थांबावं लागायचं. भाकरी तव्यावर असताना उठून कॅसेट बदलायची, असं किती वर्षं केलं. काम मला मनापासून आवडायचं. पण ते मी कुणाकडून शिकले नव्हते, आणि आपल्याला काय येत नाही हे कळायलाही मार्ग नव्हता.

ते कळलं 2016 ला. पाण्याची रेल्वे मिरजेहून लातूरला आली तो एप्रिल. बाहेरगावच्या चॅनेलच्या गाड्या गावभर फिरत होत्या. एका चॅनेलच्या माणसानं भाऊजींना विचारलं, रात्रीच्या रांगांचं, टँकरचं शूटिंग द्याल का? भाऊजी दोन रात्री जागले. मी ते बसून कापलं, नेहमीच्या सवयीनं वर एक करुण धून टाकली आणि पाठवून दिलं. उत्तर आलं, चित्र चालेल, पण धून काढा आणि मूळ आवाज पाठवा. मूळ आवाज उघडून पाहिला तर त्यात वारा फडफडत होता आणि आमचीच माणसं 'इकडं घे, तिकडं घे' म्हणत होती. ते फुटेज कुठंच लागलं नाही.

मला ते फार लागलं. आमच्याच गल्लीतल्या बाया रात्री दोनला घागरी घेऊन उभ्या होत्या. रिकाम्या घागरी एकमेकींवर आपटतात तो आवाज, टँकरची तोटी उघडताच उठणारा गलका, सगळं आमच्या दारात झालं आणि आम्हाला ते धरता आलं नाही. कारणही मला नंतर उमगलं. लग्नाच्या व्हिडिओवर पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणं असतं. खाली काय ऐकू येतं याची कुणी फिकीर करत नाही. वर्षानुवर्षं तेच काम केल्यानं आमचे कान त्या गाण्याखाली मिटून गेले होते.

शिकायचं ठरवलं, पण कुठं? पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट 1960 पासून प्रभात स्टुडिओच्या जागेत आहे. 2017 पासून ती ठिकठिकाणी छोटे अभ्यासक्रमही घेऊ लागली, ही चांगली गोष्ट झाली. मला मात्र घर, सासूबाईंचं आजारपण आणि धंदा सोडून जाता येत नव्हतं. मला शिकवलं ते परभणी आकाशवाणीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी. ते मुलीकडे लातूरला राहायला आले होते. त्यांनी मला आठवडाभर कॅमेऱ्याला हातच लावू दिला नाही. नुसता हेडफोन. आवाजाची पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा म्हणायचे. शून्याच्या वर गेला की तो फाटतो, आणि डिजिटलमध्ये फाटलेला आवाज कुणालाच शिवता येत नाही. जिथं मुलाखत घ्याल तिथं शेवटी अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसा आणि त्या खोलीची शांतताही रेकॉर्ड करा, हेही त्यांचंच. बोलणं कापताना मध्ये जी पोकळी पडते ती याच शांततेनं भरायची असते. मी त्यांना म्हटलं, काका, हे मला एकटीला नको, आणखी लोक बसवते. असा क्लास सुरू झाला.

पहिली बॅच दिवाळीनंतर घेतली. सात जण आले आणि तुळशीचं लग्न लागताच पाच गायब झाले. फोटोग्राफरच ते, लगीनसराईत त्यांना संध्याकाळ कुठून मिळणार? हे मला आधीच सुचायला हवं होतं, आमच्या घरचाच धंदा तो. पुढच्या वर्षी बॅच आषाढी एकादशीपासून धरली. कार्तिकीपर्यंत लग्नं नसतात, कॅमेरे कपाटात असतात आणि माणसं मोकळी असतात. आजही आमची मोठी बॅच चातुर्मासाचीच. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची काढणी असते, तेव्हा दहा दिवस सुट्टी. फी तीन हप्त्यांत घेतो: प्रवेशाला, पोळ्याला आणि सोयाबीन विकल्यावर. हिशेबात हे गैरसोयीचं पडतं. तिसऱ्या हप्त्यापर्यंत भाडं खिशातून जातं. पण ज्यांच्यासाठी क्लास काढला त्यांच्या घरात पैसा तेव्हाच येतो.

सुटायची वेळ पावणेनऊ, कारण मुरूडहून येणाऱ्यांना शेवटची गाडी गाठायची असते. आधी नऊपर्यंत चालायचं. एका संध्याकाळी दोन बायांची गाडी चुकली, मिस्टरांनी त्यांना घरी पोचवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यातल्या एकीला घरून परवानगी बंद झाली. ती पुन्हा आली नाही. तिच्या हाताला कटची फार चांगली जाण होती. त्यानंतर पावणेनऊ म्हणजे पावणेनऊ.

सर्टिफिकेट कुठल्या विद्यापीठाचं, असं सगळेच विचारतात. आमचं कुठल्याच विद्यापीठाचं नाही आणि ते मी पैसे घेण्याआधी सांगते. ज्याला पदवी हवी त्याला नांदेड नाही तर संभाजीनगरच्या विद्यापीठाकडे पाठवते.

हॉलचा एक मोठा दोष होता. खाली फरशी, चारी बाजूंना कोऱ्या भिंती. रेकॉर्डिंग केलं की विहिरीत बोलल्यासारखं. "मॅडम, आवाज घुमायलाय," हे वाक्य रोजचं. स्टुडिओचा फोम परवडणारा नव्हता. मग घरच्या आणि शेजारच्या मिळून बारा वाकळी आणल्या आणि भिंतीवर दोऱ्या बांधून वाळत घातल्यासारख्या टांगल्या. घुमणं निम्म्याहून जास्त कमी झालं. खालच्या पट्टीतला घुमारा वाकळीनं जात नाही, पण माणसाचं बोलणं स्वच्छ येतं. जुन्या लुगड्यांच्या थरांत मधल्या आणि वरच्या पट्टीतला आवाज मुरतो. क्लास सुटला की त्या घडी करून कपाटात ठेवायच्या, सकाळी केमिस्ट्री असते.

पहिल्या दिवसाचा अभ्यास अजून काकांचाच आहे. सगळ्यांना गंजगोलाईत नेतो. 16 रस्ते तिथं येऊन मिळतात. दहा मिनिटं डोळे मिटून उभं राहायचं आणि काय काय ऐकलं ते लिहायचं. बांगड्यांच्या दुकानासमोर उभं राहून 'गाड्यांचा आवाज' एवढंच लिहिणारा माणूस चार महिन्यांनी त्याच जागी पान भरून लिहितो.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये हॉल बंद पडला. तेव्हा आमच्याकडे आले जिल्हा परिषदेचे गुरुजी. त्यांना घरून धड्यांचे व्हिडिओ करायचे होते आणि हातात फक्त फोन. एका गुरुजींच्या व्हिडिओत मागच्या भिंतीवरून काळसर पट्टे सारखे वर सरकायचे. त्यांना वाटलं फोन बिघडला. फोनला काही झालं नव्हतं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. फोन मात्र सेकंदाला 30 फ्रेमवर लावलेला असतो आणि शटर, म्हणजे एकेक फ्रेम घेताना उजेड किती वेळ आत घ्यायचा ते, आपल्या मनानं धरतो. दोघांचा मेळ बसत नाही आणि पट्टे दिसतात. त्यांना फोनवरूनच सांगितलं, 25 फ्रेम करा, शटर 50 वर, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर बांधा. आपलं टीव्हीही 25 वरच चालतं. पाच मिनिटांनी त्यांनी पट्टे नसलेली भिंत पाठवली, नुसती भिंत, आणि खाली लिहिलं, 'गेले!' त्या वर्षानंतर आम्ही अभ्यासक्रम फोनपासून सुरू करतो. मोठा कॅमेरा तिसऱ्या महिन्यात.

एक गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगते, आणि ती सांगताना मला अजून जड जातं. क्लासच्या आधीची आहे. एका लग्नाचं सगळं फुटेज माझ्या एकाच हार्ड डिस्कवर होतं. कॅमेऱ्यातली मेमरी कार्डं दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी रिकामी केलेली. डिस्क गेली. हळदीला त्या घरच्या आजी गाणी म्हणत होत्या, ती त्यात होती. मी पैसे परत केले, घरी जाऊन पाया पडले. आजी म्हणाल्या, "लेकी, मी काय रोज म्हणतेच की." पण पुढच्या मुलीच्या लग्नात त्या नव्हत्या. म्हणून आमच्याकडे तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात, हा नियम न पाळणाऱ्याचं काम शुक्रवारी दाखवलं जात नाही.

शुक्रवार म्हणजे पाहणी. आठवड्यात जे केलं ते दोन-दोन मिनिटं सगळ्यांसमोर दाखवायचं. करणाऱ्यानं बोलायचं नाही, बघणाऱ्यांनी बोलायचं. मला विचाराल तर आमच्याकडचं खरं शिकणं इथं होतं. घरचे 'छान' म्हणतात, गिऱ्हाईक 'लवकर द्या' म्हणतं, आणि काय चुकलं ते प्रेमानं सांगणारं कुणीच नसतं.

मागच्या चातुर्मासात मार्केट यार्डातल्या एका अडतीवरचे मुनीमकाका बॅचला होते. वय 58. त्यांनी सोयाबीनची आवक शूट केली होती. चित्र सुरेख, पहाटेचा उजेड, धूळ. वर एक जोरदार धून. लाइट लागल्यावर बॅचमधल्या आशाताई म्हणाल्या, "काका, गाणं काढून दाखवा ना." काकांना ते पटलं नाही. चाळीस वर्षं रोज ऐकतोय, त्यात ऐकण्यासारखं काय, म्हणाले. तरी कॉम्प्युटरवर टाइमलाइनवर जाऊन त्यांनी त्या धुनेचा पट्टा बंद केला. हमालानं पोतं उलटं केलं आणि सोयाबीन फरशीवर सांडत गेलं, आधी सरसर, मग ढीग वाढेल तसा आवाज जाड होत गेला, शेवटचे चार दाणे टपटप. वाकळी टांगलेल्या त्या हॉलमध्ये कुणी हललं नाही. काका हेडफोन कानाला धरून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकत राहिले. जाताना त्यांनी रविवारसाठी माइक मागून नेला आणि माइकवर घालायची, वारा अडवणारी टोपीही आठवणीनं घेतली.

पुढची बॅच आषाढीनंतरच्या सोमवारी बसते. मुरूडच्या तिघी आहेत यंदा.