माथा नसलेली वाट

किल्ल्यावर जाण्याचा बेत आखताना घरात फारसा वाद होत नाही, कारण कुठवर जायचे आणि कुठून परतायचे हे किल्ल्यानेच ठरवून ठेवलेले असते. माथा आला की चढ संपतो, छायाचित्रे निघतात आणि ज्यांना चढायचे नसते ते पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरीची ऑर्डर देऊन निवांत बसतात. नदीकाठच्या वाटेला असा माथा नसतो. ‘त्या वळणापर्यंत जाऊन येऊ’ असे म्हणून निघालेल्या माणसाला वळणापाशी पोहोचल्यावर पुढचे वळण दिसते, आणि परत फिरण्याचा निर्णय शेवटी कोणाचे तरी पाय दुखू लागल्यावरच होतो. घरातली लहानथोर मंडळी बरोबर असतील, तर तो निर्णय निघण्यापूर्वीच करून ठेवणे हेच सगळ्या नियोजनाचे सार आहे, असे माझे मत झाले आहे.

पौषातल्या एका रविवारसाठी आम्ही वाई आणि मेणवली यांमधला कृष्णाकाठ निवडला, तो या कारणासाठी. दोन्ही टोकांना दगडी घाट आहेत, म्हणजे सुरुवात आणि शेवट दोन्ही कोणाही लहान मुलाला ओळखता येतील इतके ठळक आहेत. मधले अंतर जेमतेम तीन किलोमीटर. ही आखून दिलेली, पाट्या लावलेली वाट नव्हे. कुठे काठ, कुठे उसाच्या फडाकडेचा बांध, आणि जिथे काठाने जाता येत नाही तिथे सरळ गावचा डांबरी रस्ता. बांधावरून जाताना शेतात कोणी दिसले तर ‘इकडून गेलं तर चालेल का?’ एवढे विचारावे. परवानगी मिळतेच, शिवाय पुढे चिखल आहे की नाही हेही न विचारता कळते.

वेळेचा हिशेब मात्र अवघड आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा नियम सांगितला होता: सपाटीवर ताशी तीन मैल, आणि दर दोन हजार फूट चढाईमागे एक तास अधिक. गिर्यारोहक आजही तो वापरतात. त्या नियमाने आमची चाल पाऊण तासाच्या आत संपायला हवी. पण त्या नियमाला माझा धाकटा भाचा ठाऊक नाही. वाटेत प्रत्येक चपटा दगड उचलून पाण्यावर भाकऱ्या काढणे, खंड्याने बुडी मारली की तो वर येईपर्यंत जागचे न हलणे आणि हिवाळ्यात काठावर शेपटी हलवत फिरणाऱ्या धोबी पक्ष्यामागे उलट दिशेने धावणे, ही कामे कोणत्याही सूत्रात बसत नाहीत. आईच्या गुडघ्यांचा वेग त्याच्या नेमका उलट, संथ पण अखंड. त्यामुळे बहुतेक वेळा तीच पुढे असते. म्हणून आम्ही दोन-अडीच तास धरले आहेत, आणि ते कमी पडले तरी कोणाची गाडी चुकणार नाही अशी सोय ठेवली आहे.

वाईहून मेणवलीला चालत जायचे की मेणवलीहून वाईला यायचे, यावर चर्चा झाली आणि मी दुसऱ्या पर्यायाचा कट्टर पुरस्कर्ता ठरलो. सकाळी रिक्षाने मेणवली गाठावी आणि नदीबरोबर खाली वाईकडे यावे. चढउताराचा प्रश्न इथे नाहीच. प्रश्न एवढाच की थकलेल्या मुलांची पावले खाण्याच्या दिशेने अधिक भरभर पडतात, आणि चहा-नाश्त्याची दुकाने वाईत आहेत. शिवाय मेणवलीत मुलांना दाखवण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते ताज्या डोळ्यांनीच पाहावे. नाना फडणविसांचा वाडा आतून बघायचा असेल तर आधी चौकशी करून ठेवलेली बरी. घाटावर मात्र कोणीही जावे. तिथली मोठी घंटा पोर्तुगीजांची. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर मराठ्यांच्या हाती चर्चमधल्या ज्या घंटा लागल्या, त्यांतलीच ही एक, आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. वसई पडली तेव्हा नानांचा जन्मही झालेला नव्हता. तो १७४२ चा. मेणेश्वराच्या देवळाशेजारी मेरीची घंटा का, हा प्रश्न मुले विचारतीलच, आणि उत्तर देता देता पहिला अर्धा किलोमीटर आपोआप सरेल.

महिना निवडताना नदीचे म्हणणे आधी ऐकावे लागते. वर धोम धरण आहे. पावसाळ्यात त्याचे दरवाजे उघडले की वाईचे घाट पाण्याखाली जातात, त्यामुळे श्रावणातल्या हिरवाईचा मोह कितीही झाला तरी मुलांना घेऊन काठाने जाणे नको. नदी काय करू शकते याची जाण बांधणाऱ्यांना पुरती होती. वाईचा ढोल्या गणपती अगदी काठावर बसवलेला. पण देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती ठेवली, म्हणजे पुराचा लोंढा तिच्यावर फुटून दोन्ही बाजूंनी निघून जावा. मला स्वतःला आतल्या भव्य मूर्तीइतकीच ही भिंत पाहण्यासारखी वाटते. हिवाळ्यातही धरणातून पाणी सोडले की पातळी बदलते, म्हणून पात्रातल्या खडकांवर पंगत मांडायची नाही आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवर मोठ्या माणसाचा हात सोडायचा नाही, हे दोन नियम घरीच सांगून झाले आहेत. पोहण्याचा विषय कोणी काढलेला नाही आणि मीही काढणार नाही.

माघ लागला की वाईत कृष्णाबाईचे उत्सव सुरू होतात आणि घाटांवर मंडप पडतात. ती शोभा वेगळी आणि गर्दीही वेगळी. आपल्याला रमतगमत जायचे असल्यामुळे त्याआधीचा आठवडा बरा.

सामानाबद्दल विशेष लिहिण्यासारखे नाही. बंद बूट किंवा मागे पट्टा असलेली चप्पल, प्रत्येकाची स्वतःची पाण्याची बाटली, टोपी, कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी आणि गूळ-शेंगदाणे एवढे पुरते. केक वगैरे नेला तर मुंग्या आणि गावातली कुत्री यांचाही विचार करून न्यावा.

परतीच्या जागेइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे मधूनच सुटता येण्याची सोय, आणि या वाटेची खरी खुबी तीच आहे: रस्ता नदीपासून फार लांब जात नाही, त्यामुळे जो दमेल त्याला कोणाची मनधरणी न करता रिक्षात बसता येते. मावशीने तर आतापासूनच जाहीर केले आहे की ती घाट पाहून मेणवलीहून थेट रिक्षाने ढोल्या गणपतीपाशी येईल आणि सावलीची जागा धरून ठेवील. या घोषणेचे सर्वांनी स्वागत केले. पुऱ्यांचा डबा तिच्याबरोबर पाठवायचा की आमच्याजवळ ठेवायचा, एवढा एकच मुद्दा ठरायचा आहे. आईच्या मते डबा पुढे गेला तरच सगळे वेळेवर पोहोचतील, आणि मुलांना हा विचार मुळीच मान्य नाही.